उलटी नदी, भाग एकोणिसावा

रमजानमध्ये रात्रीची तरावीहची लांब नमाज सुटली, की इजिप्तमधल्या दमनहूरच्या आमच्या गल्लीतली माणसं घरी जाण्याआधी शह्हातच्या दुकानापाशी थांबत. सलाम मागाहून, आधी प्रश्न.

"कुठवर आलं, उस्ता?"

मालिका नेमकी नमाजेच्या वेळी लागे. बायका घरी बघत, पण भांडी घासता घासता आणि ईदच्या बिस्किटांचं पीठ मळता मळता, त्यामुळे त्यांच्याकडून मिळे ती गोष्ट मधे मधे कुरतडलेली असे. सबंध भाग पाहणारी माणसं दोनच. एक शह्हात इस्त्रीवाला, ज्याला कारागीर म्हणून सगळे उस्ता म्हणत, आणि दुसरे समोरचे औषधवाले डॉक्टर लबीब. ते ख्रिस्ती, त्यांना मशिदीत जायचं नसे.

शह्हात जात नसे तो पाण्यामुळे. तोंडात पाणी घेऊन कपड्यावर फवारा मारायचा, ही त्याची पद्धत. दिवसा रोजा असताना ते जमणार कसं? भोकं पाडलेल्या डब्याने पाणी शिंपडून बघा, असं लोक सांगत, तर तो म्हणे, "डब्यातून थेंब पडतात. मला दव लागतं." म्हणून ईदच्या कपड्यांचं सगळं काम रोजा सोडल्यावर सुरू होई. जाड गलाबिया, म्हणजे पायघोळ झगे, जमिनीवर पसरून लांब दांड्याच्या लोखंडी इस्त्रीवर पाय ठेवून तो ती पुढेमागे सरकवी, आणि मान वर करून फळीवरच्या काळ्यापांढऱ्या टीव्हीकडे बघे. नमाज तो मागाहून, एकटाच पढे. इमामसाहेबांची त्याला हरकत नव्हती. तरी कुठेतरी त्याला ते बोचत असावं, कारण परतणाऱ्यांना गोष्ट सांगायचं काम त्याने तेवीस वर्षं एखाद्या कर्तव्यासारखं केलं. पदरचं काही घातलं नाही. त्याने सांगितलं, की तसंच झालेलं असे.

त्या वर्षीची मालिका मात्र निराळी होती. तिचं नाव 'उलटी नदी'. शुक्री नावाचा इंजिनियर बंधाऱ्यावर पहारा देताना डुलकी घेतो, आणि जागा होतो तो अशा काळात, जिथे नाईल समुद्राकडून येते आणि दक्षिणेला वाहत जाते. तेव्हापासून अठरा दिवस तो घरची वाट शोधत होता. इकडे त्याची आई रोज त्याचं ताट वाढत होती.

कापसाच्या वखारीत वजनं करणारे हाज बायूमी कधी मालिकांच्या नादी लागले नव्हते. या वर्षी ते रोज सगळ्यांच्या पुढे उभे असत. त्यांचा मुलगा ममदूह पुलाच्या कामावर इराकला गेला होता आणि सात महिने त्याचं पत्र नव्हतं. या दोन गोष्टी गल्लीत कोणी मोठ्याने जोडल्या नाहीत. हाज फक्त एवढंच विचारत, "पोचला का घरी?"

"अजून नाही, हाज. पण वाटेवर आहे," शह्हात सांगे.

एकोणिसाव्या दिवशी शुक्री नदीकाठी आला आणि समोरून शुक्रीच आला. तोच चेहरा, तोच सदरा, तीच मिशी. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग झटापट झाली, कॅमेरा पाण्यात गेल्यासारखा हलला, आणि एकजण बुडाला. वर आलेल्याने तोंड पुसलं. संगीत वाजलं. भाग संपला.

शह्हातचा पाय इस्त्रीवर थांबला होता. करपल्याचा वास आला तेव्हा त्याने ती उचलली. पिवळा डाग पडला होता, पण तो आतल्या बाजूला होता.

गल्लीच्या तोंडाशी चपलांचा आवाज आला. शह्हातने भांडं उचललं आणि तोंडात पाणी भरून घेतलं.

"कुठवर आलं?" रेल्वेत कारकून असलेल्या सुबहीने विचारलं.

शह्हातने एका गलाबियावर फवारा मारला आणि पुन्हा तोंड भरलं. मग दुसरीवर, मग तिसरीवर.

"हा आज नाईल उपसणार," सुबही म्हणाला. "अरे गीळ की ते. रोजा सुटून दोन तास झालेत."

"पोचला का?" हाज बायूमींनी विचारलं.

पाणी संपलं होतं. "दोन शुक्री होते," शह्हात म्हणाला. "एक बुडाला."

"कुठला?"

शह्हातला जे दिसलं होतं ते त्याच्या धंद्यातलं होतं. बुडाला त्याच्या बाहीवर इस्त्रीची एकच रेघ होती, सरळ, सराईत हाताची. वर आला त्याच्या बाहीवर दोन रेघा होत्या, नवख्या हाताच्या. "आपला शुक्री तिकडे एकटाच आहे, सदऱ्यांना इस्त्री स्वतः करतो," तो सावकाश म्हणाला. "दोन रेघा त्याच्या. बुडाला तो दुसरा."

हाजनी "अल्हम्दुलिल्लाह" म्हटलं आणि दाराच्या चौकटीला हात टेकला.

एवढ्यात डॉक्टर लबीब रस्ता ओलांडून आले. त्यांच्याकडे रंगीत टीव्ही होता. "उस्ता, तुम्हाला काही उलगडलं का? माझं तर डोकं चालेना. बुडाला तो निळ्या सदऱ्यातला. आणि आपला शुक्री पहिल्या दिवसापासून निळ्यातच आहे."

"माझ्याकडे निळा नाही, डॉक्टर."

"निळा नाही म्हणजे?"

"माझ्या टीव्हीत करडा आहे. दोघंही करडे. मी बाहीवरच्या इस्त्रीच्या रेघांवरून ओळखलं, बुडाला तो दुसरा."

"आणि तुम्ही रेघा बघितल्या? मला एकही दिसली नाही."

सुबही मधे पडला. "म्हणजे इस्त्रीप्रमाणे जिवंत, आणि औषधाप्रमाणे मेला. निकाल कोण देणार, वखारीचा काटा?" कोणी हसलं नाही. मग सगळेच बोलू लागले. कोणी म्हणालं, नदी उलटी तर मरणही उलटं, बुडाला तोच वाचला. कोणी म्हणालं, चित्रण दोन दिवशी झालं असेल, सदरा मधे धुवायला गेला असेल. हाज बायूमी त्यांच्यातून वाट काढत टीव्हीच्या फळीपर्यंत आले.

"शह्हात, या महिन्याची शपथ आहे तुला. कुठला?"

शह्हातने इस्त्री आडवी ठेवली. "मला माहीत नाही, हाज. सगळं पाहिलं, आणि माहीत नाही."

तेवीस वर्षांत हे त्याने पहिल्यांदा म्हटलं. माणसं पांगली. दोघंतिघं डॉक्टरांच्या मागे औषधांच्या दुकानात गेली. हाज थांबले. "उद्या मी इथेच येतो," ते म्हणाले. "नमाज नंतर, तुझ्याबरोबर पढेन."

"या की," शह्हात म्हणाला. "बसायला गाठोडं आहे."

दुसऱ्या दिवशी हाज गाठोड्यावर बसले. विसावा भाग सुरू झाला तो थेट शुक्रीच्या घरात. आई चहा ओतत होती, शुक्री पुदिना टाकत होता. नदीचं नाव नाही, बुडाल्याचं नाव नाही, वाट कुठून सापडली तेही नाही.

"हाच का?" हाजनी विचारलं.

"बाह्या कोपरापर्यंत दुमडल्यात."

"आई ओळखतेय ना?"

"चेहरा तोच आहे. ती तर दोघांनाही ओळखेल."

शुक्रीने चहात तीन चमचे साखर घातली. आधी तो किती घालत असे, ते दोघांनाही आठवेना. मग शेजाऱ्याच्या म्हशीचा वाद सुरू झाला आणि तो भाग संपेपर्यंत मिटला नाही.

नमाज सुटली. सुबही पहिला आला. "कुठवर आलं, उस्ता?"

शह्हातने तोंड उघडलं, पण उत्तर गाठोड्यावरून आलं.

"घरी आला," हाज बायूमी म्हणाले.

"कुठला?"

"आला तो."

सुबहीने शह्हातकडे पाहिलं. शह्हात टीव्हीकडे बघत होता. तिथे साबणाची जाहिरात लागली होती. हाजनी सांगितलं ते आपणही पाहिलं, की हाजनी ते पदरचं घातलं, हे त्याला ठरवता येईना. त्याने मान हलवली. हो की नाही, ते आमच्यापैकी कोणालाच कळलं नाही.