प्लेगातल्या बीडची माझी फेरी

मी भित्रा माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. भित्र्या माणसाला फिरस्तेपण परवडत नाही. आमचं घर दिंद्रुडच्या शिंप्याचं, पण मांडी घालून दिवसभर सुई ओढणं मला कधी जमलं नाही. घरच्यांनी शिवलेल्या बंड्या आणि कोपऱ्या तट्टावर टाकायच्या आणि आज या गावचा बाजार, उद्या त्या गावचा, असा माझा धंदा. पार धर्मापुरीपासून कड्यापर्यंतचे रस्ते मला पाठ होते. एकदा औरंगाबाद पाहिलं, एकदा हैदराबाद. शिवाय मला चार इयत्ता उर्दू येत होतं. निजामाच्या कचेरीत मराठी अर्जाला कुत्रं विचारत नसे, म्हणून बाजारात बसल्याबसल्या मी लोकांना उर्दूत अर्ज लिहून देई. एवढ्या भांडवलावर माणूस जेवढा फुगू शकतो तेवढा मी त्या वयात फुगलेला होतो.

माझी बायको पहिल्या बाळंतपणाला बीडला माहेरी गेलेली होती. पौषातल्या एका सकाळी सासऱ्यांचा माणूस निरोप घेऊन आला. मुलगी झाली, आज तिसरा दिवस, दोघी खुशाल. गावात उंदीर पडलेत म्हणून सगळं बीड रानात झोपड्या घालून राहिलंय, तेव्हा पाव्हण्यांनी आत्ता येऊ नये.

येऊ नये! जावयाला! प्लेगाचं काय ते नंतर बघू, आधी मला राग आला. आईनं पुष्कळ समजावलं, पण दुसऱ्या दिवशी मी तट्टावर खोगीर टाकलंच. वडवणीला मुक्काम केला आणि लेकीच्या पाचव्या दिवशी दिवस वर यायच्या आत खंडेश्वरीच्या टेकडीखाली जाऊन उभा राहिलो.

तिथं एक नवं गावच वसलं होतं. तुराट्यांचे कूड, वर कडबा, पुढं तीन दगडांची चूल. शेकडो झोपड्या, सगळ्या एकसारख्या. सासरे मला बघून उठले खरे, पण जावई आल्याचा आनंद काही त्यांच्या तोंडावर दिसेना. बायको कुठं आहे म्हणून विचारलं, तर त्यांनी गोणपाटाचा पडदा लावलेली एक झोपडी लांबूनच दाखवली.

"तिकडं हायेत दोघी. तुमची मामी बी तिथंच. बाळंतिणीकडं आत्ताच जाऊ नगा, आज पाचवी हाय. उद्या बघा लेकीचं तोंड."

सासूला आम्ही मामी म्हणतो. रीतीच्या बाहेर जाण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी गप्प बसलो. पण गप्प बसून दिवस जात नाही. आजूबाजूचे चार पुरुष शेकत बसले होते, त्यांच्यात जाऊन बसलो. त्यांच्या बोलण्यात एकच विषय होता, गाव. पाच दिवसांत एकाशिवाय कोणी वेशीच्या आत पाऊल टाकलेलं नाही, भर दुपारीसुद्धा कोणी जात नाही, आणि तो गेलेला एक जण गाठ घेऊनच परत आला. मी ऐकत होतो आणि माझ्या मनात भलतंच चाललं होतं. भरलेलं औरंगाबाद पाहिलं, भरलेलं हैदराबाद पाहिलं. पण रिकामं शहर कोणी पाहिलंय?

"मी जाऊन बघून येतो," मी म्हणालो.

सासरे ताडकन उठले. "कावून जाता? काय ठिवलंय तिथं? न्हाई, न्हाई, जाऊ नगा!"

जावयाच्या काळजीनं म्हाताऱ्याचा जीव कासावीस झाला, असं मला वाटलं आणि मूठभर मांस चढलं. तट्टावर टांग टाकून मी निघालोच.

राजुरी वेशीपासून शंभर पावलांवर पोलिसाचा एक शिपाई नाकाला फडकं बांधून दगडावर बसला होता. "कां जारा बे?" त्यानं बसल्या जागेवरून विचारलं.

"गाव बघायला."

त्यानं मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "जा. वापस आया तो मैं उठ को सलाम करतूं."

आत शिरलो. खरं सांगतो, पहिला अर्धा तास मला फार मजा आली. जिथं एरवी बैलगाडीला वाट मिळत नसे त्या पेठेत माझं एकच तट्टू टापा वाजवत चाललं होतं. मिठाईवाल्याच्या ओट्यावर चढून मी पायावर पाय टाकून बसलो. मोठमोठ्या लोकांच्या दारावरून जाताना खाली उतरलो नाही. "कोणी हाय का?" म्हणून ओरडलो आणि कोणी नाही हे ऐकून स्वतःशीच हसलो. बीडचा सुभेदार झाल्यासारखं वाटत होतं.

मग हळूहळू बाकीचं दिसायला लागलं. काही दारांवर गेरूचे गोल काढलेले होते. ज्या घरात माणूस गेलं त्या घराची ती सरकारी खूण. एका गल्लीत चार घरांना चार गोल होते. एका उंबऱ्यावर लहान पोराची एकच चप्पल पडली होती. कुंभाराच्या आळीत तीन उंदीर रस्त्यात पडले होते, त्यांच्याकडे कावळेसुद्धा फिरकत नव्हते. तट्टू तिथं थबकलं आणि पुढं जाईना. जनावर माझ्यापेक्षा शहाणं होतं. मी त्याला बाजूनं वळवलं आणि आता आलोच आहोत तर सासुरवाडीचं घर बघून परतू, असं ठरवलं.

शिंपी आळीत सासऱ्यांच्या दाराला हे एवढं कुलूप होतं. गेरूचा गोल नव्हता. बरं वाटलं. तट्टू वळवणार तेवढ्यात मला वास आला.

ओव्याचा वास. निखाऱ्यावर ओवा आणि बाळंतशोपा टाकल्या की जो धूर होतो, त्याचा. हा वास जगात एकाच ठिकाणी येतो, बाळंतिणीच्या खाटेखाली. आणि तो कुलूप लावलेल्या घरातून येत होता.

गोणपाटाच्या पडद्यामागं काय होतं ते मला तिथं उभ्याउभ्या कळलं. काही नव्हतं. मघाशी म्हाताऱ्याचा जीव माझ्यासाठी कासावीस झालाच नव्हता.

दारासमोरच्या लिंबाला तट्टू बांधलं, त्याच लिंबावर चढून माळवदावर उतरलो. धूर जायला माळवदात भोक ठेवतात, त्याला आमच्याकडे सानं म्हणतात. सान्यातून खाली डोकावलो तर खाट, शेगडी आणि शेगडीपाशी बसलेली सासू. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण ही बाई माझ्याशी एक शब्द समोरासमोर बोलली नव्हती; जावई म्हटलं की पदर पुढं ओढून भिंतीआड. आताही वर बघून आधी तिनं पदरच ओढला.

"मामी, हे काय?" मी वरून ओरडलो.

"हळू बोला! भाईर शिपाई फिरत्यात." मग पदराआडून, सान्याकडं तोंड करून ती भराभर बोलायला लागली. "गाव निघालं त्याच दिशी हिला कळा सुरू झाल्या. गाडीत घालावं तर वाटंतच झाली असती. सुईण म्हनली हलवू नगा. सरकारी मानसं बंद घरात शिरत न्हाईत, म्हनून ह्यांनी भाईरून कुलूप लावलं. आमच्या घरात एक बी उंदीर पडला न्हाई, पाव्हणं. मी रोज बघते."

खाटेवरून बायकोचा आवाज आला. "तुमी आला व्हय?" एवढंच. पण त्या आवाजानं माझी सगळी सुभेदारी उतरली.

तेवढ्यात मला वरून अंगण दिसलं. तुळशीजवळ एक उंदीर भर उजेडात झिंगल्यासारखा गोल गोल फिरत होता. दोन फेऱ्या घातल्या आणि कलंडला.

"मामी, अंगणात बघा."

ती बाहेर आली, उंदीर पाहिला, आणि मी नको नको म्हणेपर्यंत त्याला शेपटीला धरून भिंतीपलीकडं भिरकावून दिला. घरातली घाण काढावी तसा. मी माळवदावरून अंगणात उडी मारली, तिचे हात राखेनं आणि कढत पाण्यानं तीनदा धुवायला लावले आणि म्हणालो, "आत्ताच्या आत्ता निघायचं."

"आज न्हाई," ती म्हणाली.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पण ती हट्टानं उभी होती. "आज पाचवी हाय. आज सटवाई येनार, पोरीच्या कपाळावर लिहिनार. माझ्या लेकीचं ह्याच घरात लिहिलं. तिकडं शंभर झोपड्या, समद्या सारख्या. कुठं हुडकंल ती? आन् न्हाई सापडली तर पोर कोऱ्या कपाळाची ऱ्हाईल जलमभर. उद्या सकाळी म्हनाल तिथं येते."

मी चिडलो. म्हणालो, उद्या सकाळी लिहायला कपाळ तरी राहील का? ती रडायला लागली, पण जागची हलेना. बाजारात मी किती हट्टी गिऱ्हाइकं वळवली होती. या बाईपुढं माझं काही चालेना. मग कोपऱ्यात पूजेसाठी धुऊन ठेवलेला पाटा-वरवंटा माझ्या नजरेला पडला.

"मामी, सटवाई घरात येते का पाट्यावर?"

"पाट्यावर. त्योच पुजायचा असतो."

"मग पाटा मी घेतो डोक्यावर. जिथं पाटा तिथं ती येईल."

सासू विचारात पडली. खाटेवरून बायको म्हणाली, "आई, चल. त्यांनी पाटा डोक्यावर घेतो म्हनलंय. पुन्हा जलमात म्हनायचे न्हाईत."

पदराआड सासू हसली की हुंदका दिला ते मला कळलं नाही, पण तिनं गोधड्या गोळा करायला घेतल्या.

वरवंटा खोचून मी पुन्हा माळवदावर चढून बाहेर उतरलो आणि त्याच वरवंट्यानं कुलूप फोडलं. सासू म्हणाली, देवीनंच दार उघडलं. म्हणू दे. तट्टावर गोधड्या घालून बायकोला बसवलं, लेक सासूच्या पदरात, वरवंटा माझ्या कंबरेला आणि पाटा माझ्या डोक्यावर. बीडचा सुभेदार असा पेठेतून परत निघाला. कुंभाराची आळी टाळून लांबच्या वाटेनं आलो. सासू एका हातानं तट्टावरच्या लेकीला धरून चालत होती. 

वेशीबाहेर शिपाई अजून दगडावरच बसला होता. "ये क्या उठा को लाया बे?"

"सटवाई है," मी म्हणालो.

तो उठून पुढं आला, सासूच्या पदरातलं पोरगं पाहिलं आणि खाडकन पाय जोडून सलाम ठोकला. मला नव्हे, सासूला.

सासऱ्यांनी आम्हाला येताना पाहिलं आणि त्या रिकाम्या झोपडीचा गोणपाट बाजूला धरला. मी त्यांना बोलायचं ते बोललो, आणि पुढं त्याची लाजही वाटली. त्या माणसानं पाच दिवस कोणत्या जिवानं काढले असतील, ते त्या वयात मला कळत नव्हतं.

इथपर्यंतची गोष्ट मी पन्नास बाजारांत सांगितली आहे. लोक वाहवा करत आणि दोन बंड्या जास्त खपत. पुढचं मात्र कधी सांगितलं नाही.

दिवेलागणीला झोपडीत पाचवी मांडली. पाटा, त्यावर वरवंटा, हळदकुंकू, आणि सटवाईला लिहायला कोरा कागद, बोरू, शाईची दौत. सासू तेल आणायला शेजारच्या झोपडीत गेली. बायको पोरीला पाजत भिंतीकडं तोंड करून निजली होती. मी पाट्यापाशी एकटा बसलो होतो. आणि मला भीती वाटायला लागली. उंदराच्या शेपटीला धरलेला तो हात डोळ्यांपुढून हलेना. तीन दिवसांत त्या काखेत गाठ आली तर? मग लेकीला? मग हिला?  मी कधी देवाला नीट हात जोडलेले नव्हते, काय मागायचं असतं तेही येत नव्हतं. मला एकच मागणं यायचं, कचेरीतलं. बोरू उचलला आणि त्या कोऱ्या कागदावर, उर्दूत, सटवाईला अर्ज लिहिला. कागद उलटा करून ठेवला. सकाळी सासूनं तो उचलून बटव्यात टाकला, आणि वाचता येत नसल्यानं विषय तिथंच संपला, असं मी धरून चाललो.

पुढचे दहा दिवस मी रोज सासूकडं चोरून बघत होतो, ती ठणठणीत होती. कोणालाच काही झालं नाही.

बरीच वर्षं गेली. सासरे वारले, सासू आमच्याकडं दिंद्रुडला राहायला आली. तीच लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तिला मुलगा झाला. पाचवीच्या दिवशी मी पाट्यावर कोरा कागद ठेवायला गेलो, तर म्हातारीनं हात आडवा धरला. बटव्यातून एक पिवळा कागद काढला. घडीवर तुटायला आलेला.

"ह्याच्यात काय लिव्हलंय ते वाचा."

मी कागद ओळखला. "मामी, हे तर सटवाईचं..."

"सटवाई काय कचेरीत कामाला हाय? ती कशाला ह्या अक्षरात लिव्हंल?" ती म्हणाली. आता ती माझ्यापुढं पदर ओढत नसे. "मला वाचता येत न्हाई, दिसतं तर. वाचा."

मी वाचलं. फिदवी, म्हणजे हुजुरांचा ताबेदार, अर्ज करतो की, मुलीस, तिच्या आईस आणि तिच्या आजीस उमर मिळावी. फिदवीनं कधी काही मागितलेलं नाही, तरी मेहेरबानी व्हावी.

आजीस म्हटल्यावर तिनं मला थांबवलं. "आजीस बी?"

"हो."

 तिनं माझ्या हातातला कोरा कागद काढून बाजूला ठेवला आणि तो पिवळा कागद स्वतःच्या हातानं पाट्यावर सरळ केला.

"ह्योच ठिवा," ती म्हणाली. "ह्यो मंजूर झाल्याला हाय."