बंदर लागलं

माझ्या नणंदेइतकं जग पाहिलेली आणि त्याबद्दल इतकं कमी बोलणारी बाई पृथ्वीच्या पाठीवर दुसरी नसेल, हे मी चंदीगढच्या सरकारी क्वार्टरमधल्या ओट्याशी उभी राहून छातीठोकपणे सांगू शकते. पृथ्वीची पाठ मी स्वतः फारशी पाहिलेली नाही. ह्यांच्या बदल्यांनी जेवढी दाखवली तेवढीच. ताईंची मात्र ती पुरती पाहून झाली आहे. त्या एका जहाजावर नर्स आहेत. हे जहाज मालाचं नव्हे आणि सहलीचंही नव्हे. देशोदेशीची कॉलेजातली मुलं त्यावर राहतात, सकाळी वर्गात बसतात, दुपारी ओकतात आणि अभ्यासक्रम संपेपर्यंत पृथ्वीप्रदक्षिणा करून घरी जातात. ओकण्याचं खातं ताईंकडे. त्यांच्या खिशात कायम आल्याच्या वड्या असतात. घरच्या आठवणीने कुणी हळवं झालं तर त्यावरही त्यांचा इलाज ठरलेला आहे. त्या पोराला उचलून मुदपाकखान्यात कांदा चिरायला बसवायचं. रडायला निमित्त मिळतं आणि स्वयंपाक्याचं कामही होतं. अशी किती देशांची पोरं त्यांनी कांद्यावर सावरली असतील कोण जाणे, मी आपली ऐकूनच थक्क होते.

जमीन मात्र ताईंना मानवत नाही. आमच्या घरात त्या पाय फाकवून चालतात, फरशी कधी कलेल सांगता येत नाही म्हणून. जेवायला बसल्या की ताटाखाली ओला नॅपकिन घालतात, ताट घसरू नये म्हणून. झोपताना दोन्ही अंगांना उशा खोचून घेतात, नाहीतर त्यांना म्हणे पलंगातून सांडल्यासारखं वाटतं. पहिल्यांदा ह्या क्वार्टरमध्ये आल्या तेव्हा पाणीसुद्धा घ्यायच्या आधी त्यांनी विचारलं, ‘संकट आलं तर सगळ्यांनी जमायचं कुठे?’ हे म्हणाले, फ्रिजपाशी. पुढे एकदा भूकंपाचा हलकासा धक्का बसला तेव्हा शेजारपाजारचे सगळे बाहेर पळाले आणि आम्ही तिघं, हे, मी आणि आमची लेक, फ्रिजपाशी जमलो. चंदीगढवर ताईंचा फार जीव. काटकोनातले रस्ते, आकड्यांचे सेक्टर, सगळं कसं नकाशावर आखल्यासारखं, असं त्या कौतुकाने सांगतात आणि कोपऱ्यावर दूध आणायला गेल्या की हमखास चुकतात, कारण इथला प्रत्येक चौक दुसऱ्याचा सख्खा भाऊ. ‘अख्ख्या अटलांटिकमध्ये मी कधी हरवले नाही,’ असं त्या ह्यांना ऐकवतात. ‘जहाज तू चालवत नव्हतीस,’ असं हे त्यांना ऐकवतात. एकदा अशाच हरवून परत आल्यावर त्यांनी मला सांगितलं की प्रत्येक जहाजाच्या पाठीवर, अगदी मागच्या अंगाला, त्याच्या घरच्या बंदराचं नाव रंगवलेलं असतं. जहाज तिथे वर्षानुवर्षं फिरकलं नाही तरी नाव तेच. काही जहाजांवर तर अशा गावांची नावं असतात जिथे समुद्रच नाही. मला ते फार गमतीचं वाटलं होतं.

आता मूळ भानगडीकडे येते. जहाज बंदराला लागतं ते थोडाच वेळ. मुलं शहर बघायला धावतात, काम करणाऱ्यांना पाळीपाळीने काही तास मिळतात, आणि शिडी उचलायच्या आत परतला नाहीत तर जहाज कुणासाठी थांबत नाही. त्या तेवढ्या वेळात, फोनला रेंज आली रे आली की ताई मला आवाजी निरोप धाडतात. ‘वहिनी, बंदर लागलं. सगळं ठीक.’ बस्स, एवढंच. हे निरोप मी स्वयंपाक करता करता मोठ्याने लावायची आणि माझी लेक रेवा ते ऐकत मोठी झाली. रेवा चंदीगढची. मराठी तिला सगळं कळतं असा आमचा समज होता, बोलणं मात्र हिंदीत. आणि हिंदीत बंदर म्हणजे माकड. इथल्या मुलांनी माकडं काय कमी पाहिलेली नसतात, गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या ती उघडून बसतात. आपली आत्या बोटीने देशोदेशी जाते आणि प्रत्येक ठिकाणी तिला एक नवीन माकड भेटतं, अशी पोरीची पक्की समजूत झाली. एकदा ताईंनी निरोपाऐवजी फोनच केला, तेव्हा तिने तो माझ्या हातातून ओढून घेतला आणि विचारलं, ‘आत्या, आज का बंदर कैसा था?’

ताई गंभीरपणे म्हणाल्या, ‘लाल तोंडाचं होतं गो बाय. जरा चिडकं.’

त्या दिवसापासून ताईंची बंदरं बदलली. इतर लोक त्या काही तासांत देवळं-चर्च बघत, वस्तू घेत, पाय मोकळे करत. आमच्या ताई माकड शोधत. लाकडाचं, कापडाचं, चिनी मातीचं, कुठल्या देशात ते बाजारात मिळे, कुठे नुसतं भिंतीवर रंगवलेलं दिसे आणि त्याचा फोटो येई. उत्तरेकडच्या एका गारठलेल्या बंदरात भाषा जुळेना, तेव्हा ताईंनी खेळण्यांच्या दुकानात उभं राहून दुकानदाराला माकडाची नक्कल करून दाखवली. त्या भल्या माणसाने आत जाऊन त्यांना एक केळं आणून दिलं. शिडी उचलायला आलेली, आणि पन्नाशी ओलांडलेली ही बाई एका हाताने डोकं खाजवत दुसऱ्या हातात केळं धरून बंदरावर पळते आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आलं की मला हसू आवरत नाही. एका लहान मुलीचा चुकीचा शब्द खरा करण्यासाठी आपण कुणी इतकं धावलो असतो का?

शाळेत कुणी रेवाला हसलं नाही, कारण तिथे सगळ्यांचंच बंदर माकड होतं. ती फसली ती आपल्याच लोकांत. गेल्या गणपतीत इथल्या मराठी मंडळींनी मुलांची भाषणं ठेवली होती, विषय ‘माझी आवडती व्यक्ती’. रेवाने महिनाभर घोकून मराठीत भाषण केलं. ‘माझी आत्या जहाजावर असते. तिला रोज नवीन बंदर लागतं. तिने मला सगळी बंदरं आणून दिली आहेत,’ असं म्हणून तिने पिशवीतून ती एकेक करून टेबलावर मांडली. सभागृह पोट धरधरून हसलं. वाईट हेतूने कुणीच नाही, पण अकराव्या वर्षी हेतू कोण बघतं. घरी येऊन तिने सगळी माकडं बुटाच्या खोक्यात भरून माळ्यावर फेकली. आत्या को सब पता था, एवढंच ती म्हणाली. त्यानंतर तिने मराठीचा शब्द उच्चारला नाही आणि आत्याचा फोन घेतला नाही. मी झालेलं ताईंना कळवलं. त्यांचे निरोप येत राहिले, पण त्यांत ‘बंदर लागलं’ नसे. ‘पोचलो,’ एवढंच असे. मला ते ऐकून फार वाईट वाटायचं.

डिसेंबरात जहाज मुंबईला आलं. ताईंना एक दिवस मिळाला. सकाळच्या विमानाने त्या चंदीगढला आल्या आणि दुपारच्या विमानाने परतणार होत्या. एवढ्यासाठी एवढं, असं सगळ्यांना वाटलं. मला नाही वाटलं. ही एक मुलगी हातची गेली तर ताईंना जगात आणखी एखादं बंदर शोधून मिळणार नव्हतं. दारातूनच त्यांनी रेवाच्या बंद खोलीकडे पाहिलं. आतून आवाज आला, ‘मुझे नहीं मिलना.’ ह्यांनी दटावलं, मी विनवलं. ताईंनी आम्हा दोघांना गप्प केलं. बोटीवर असं दार लावून बसणाऱ्या पोरी त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या. ‘दार वाजवायचं नाही, वहिनी. जवळ बसायचं,’ त्या म्हणाल्या. मी मुद्दाम केलेली कुळथाची पिठी आणि भात त्यांनी झाकून ठेवायला लावला, आणि मागच्या अंगणात रेवाच्या खिडकीखाली उन्हात खुर्ची टाकून किन्नू, म्हणजे इकडची संत्री, सोलत बसल्या. खिडकीकडे पाठ. टॅक्सीची वेळ जवळ येत होती आणि त्या शांतपणे एकेक फोड सोलून बशीत ठेवत होत्या. स्वतः एकही खात नव्हत्या.

तेवढ्यात भिंतीवर एक थोराड माकड येऊन बसलं आणि सरळ किन्नूंच्या पिशवीकडे सरकलं. खिडकी धाडकन उघडली. ‘आत्या, बंदर आया!’ रेवा ओरडली.

ताई ताडकन उठल्या. पर्स खांद्याला अडकवली, गळ्यातलं ओळखपत्र चाचपलं आणि पाय फाकवून उभ्या राहत विचारलं, ‘शिडी लावली?’

माकडाने पिशवी उचलली आणि ते चालतं झालं. ताई रिकाम्या भिंतीकडे बघत राहिल्या. आधी रेवा हसली, मग ताई, आणि मग दोघींना आवरेना. रेवा बाहेर आली, डोळे पुसत म्हणाली, ‘आपको भी?’ ताई म्हणाल्या, ‘मला पण गो बाय. माझं डोकंसुद्धा एकाच भाषेत चालतं.’ त्यांनी ते मुद्दाम केलं की खरोखरच फसल्या, हे मला आजवर कळलेलं नाही. विचारायचा धीरही झाला नाही. दोघी एका ताटात जेवल्या, ताटाखाली ओला नॅपकिन घालून.

टॅक्सी आली. बॅग रेवाने ओढत नेली आणि फाटकापाशी थबकली. बॅगेच्या मागच्या अंगाला पांढऱ्या रंगाने ठसठशीत रंगवलं होतं, ‘चंदीगढ’. रंग जुना होता, कोपऱ्यांना उडालेला. रेवाने मला त्याचा अर्थ विचारला. मी जहाजाच्या पाठीवरच्या नावाची गोष्ट सांगितली. ‘पर यहाँ समुद्र कहाँ है?’ ती आत्याला म्हणाली. ताईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला. ‘नसू दे. तू आहेस ना.’

संध्याकाळी निरोप आला. ‘वहिनी, बंदर सोडलं.’ रेवाने फोन मागून घेतला. खोक्यातली माकडं तोवर फळीवर परत आली होती. बराच वेळ अक्षरं शोधत तिने मराठीत लिहिलं, ‘आत्या, बंदर परत कधी लागेल?’ जहाज तेव्हा खोल समुद्रात गेलं असावं. रेवा सकाळी उठली की आधी फोन बघते. त्या निरोपापुढे अजून एकच टिक आहे.