हाझेमच्या जाण्याची तारीख

माझ्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या इन्साफला कुठलीही तारीख खरी सांगवत नाही. हाझेमच्या वेळी पोट दिसायला लागलं तरी ती वात धरलाय म्हणायची. मुलीच्या, रिहामच्या परीक्षांचे निकाल आम्हाला सगळ्यांत शेवटी कळत. नजर लागते, एवढंच तिचं म्हणणं. आमच्या मोहर्रम बे वस्तीत असं मानणाऱ्या पुष्कळ आहेत, पण इतकं कसोशीने पाळणारी दुसरी मी पाहिली नाही.

यंदा हाझेम इंग्लंडमधलं शिक्षण संपवून ईदला घरी आला. आता त्याला तिथेच नोकरीसाठी व्हिसा हवा होता. मी विचारलं, "मग इथूनच अर्ज कर की."

"इथून चालत नाही, मादाम. तिथे जाऊनच करायचा, तोही विद्यार्थी व्हिसा संपायच्या आत."

"म्हणजे ज्यांच्या घरी राहायचं, त्यांच्या घरात बसूनच विचारायचं, राहू का?"

"हो. आणि एकदा विचारलं, की उत्तर मिळेपर्यंत उठायचं नाही. उठलात तर अर्ज बाद. म्हणून अर्जाच्या आधीच आलो."

मला हे फार नवलाचं वाटलं.

त्याचं विमान सोमवारी होतं, व्हिसा बुधवारी संपत होता. इन्साफने मात्र सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, पोरगा महिनाअखेरीला जाणार. तिचे थोरले दीर शौकी यांनी ते खरं मानलं आणि रिहामचा निकाह त्या बुधवारच्या दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी ठरवून हॉलही घेतला. बाप नाही, तेव्हा निकाहात मुलीच्या वतीने नवऱ्या मुलाच्या हातात हात भावानेच द्यावा, ही त्यांची हौस.

इन्साफ माझ्याकडे येऊन बसली. कॉफी तशीच राहिली.

"तिकीट पुढे ढकल," मी म्हटलं.

"गुरुवारी तो तिथे परका होईल. विमानतळावरूनच परत पाठवतील."

"मग शौकींना सांग."

"काय सांगू? भाऊजी, तुमच्या घरच्यांच्या नजरेची भीती वाटली म्हणून खोटं बोलले?"

तेवढ्यात शौकीच मिठाईचं विचारायला आले. वर दार बंद दिसलं, म्हणून माझ्या दारात उभे राहिले.

"वहिनी, बस्बूसा ठेवायचा की कुनाफा?"

"हाझेम सोमवारी जातोय," इन्साफ म्हणाली.

"कुठे?"

"इंग्लंडला. बुधवारनंतर त्याला आत घेणार नाहीत."

"महिनाअखेरीला जाणार होता ना?"

"ती तारीख लोकांसाठी होती."

"मी लोक?"

 शौकींनी जिन्याचा कठडा धरला. मग मला म्हणाले, "ऐकलंत, मादाम? भावाची मुलं मी खांद्यावर खेळवली, आणि आता माझी नजर वाईट!" आणि खाली उतरून गेले.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. जेवण गुरुवारीच, हॉल सोडणार नाही. निकाह रविवारी, मशिदीत. नवऱ्याकडच्यांना त्यांनीच पटवलं होतं. इन्साफशी ते एक शब्दही जास्त बोलले नाहीत.

रविवारी पांढऱ्या रुमालाखाली हाझेमने नवऱ्या मुलाचा हात धरला आणि निकाह लावणाऱ्या शेखांच्या मागून शब्द म्हटले. साक्षीदार म्हणून शौकींनी सही केली. बायकांनी जीभ हलवत आनंदाच्या किलकाऱ्यांची झगारीत घातली. आवाज ओसरला तसे शौकी सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले, "वहिनी, उद्या विमान किती वाजता?"

सगळ्या जावा, नणंदा वळल्या. इन्साफने एकेक चेहरा पाहिला. मला वाटलं, आता ही खोटंच संध्याकाळ सांगणार.

"सकाळी दहाला," ती म्हणाली.

"मग सहाला खाली उभे राहा. गाडी मी आणतो."

"आणि जाऊबाईंना पण आणा, भाऊजी. निरोपाला."

"ती आली तर सामान कुठे ठेवू?" शौकी म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले.

मंगळवारी हाझेमने तिथून अर्ज केला. आता उत्तराची वाट आहे. ते कधी येणार, हे विचारायची मला फार इच्छा होते, पण जिन्यात इन्साफ भेटली की मी नुसती तब्येत विचारते.