कांद्याची माळ आणि बुटक्या गाडीचा जॅक

आमच्या जावयाने स्पोर्ट्स कार घेतली. गाडी कसली, लाल पाट! चौलच्या रस्त्यावर गतिरोधक आला की माझी मुलगी खाली उतरायची, मग गाडी अंग चोरून पुढे सरकायची. डिकीत एक बारकं सुटं चाक, आणि उरलेल्या जागेत एक तर जॅक मावणार, नाहीतर आमच्याकडच्या पांढऱ्या कांद्यांची माळ.

जावयाने मोबाईलवर शोधून जॅक मागवला. तळहाताएवढं बूड, वर मखमली पिशवी. "आई, बघा किती कॉम्पॅक्ट!"

दागिना आहे की जॅक? सुपारी बाजाराला न्यायला मी वर्षानुवर्षं व्हॅन हाकतेय, पण तोंड उघडताच यजमानांनी डोळे वटारले. जावयाला बोलायचं नाही, हा आमच्या घरचा कायदा.

जावईसाहेबांनी जॅक करून बघायला लावला तोही वाडीत, नुकतंच पाणी सोडलेल्या मातीवर. गाडी उचलली आणि हा शहाणा फोटो काढायला डोकं खाली घालू लागला. जॅक कलताना मला दिसला. कायदा गेला चुलीत! कॉलर धरून ओढलं त्याला, तोवर गाडी धप्पकन खाली.

"अहो, अक्कल गहाण टाकलीत का? माझ्या पोरीचं कपाळ पांढरं करायचंय?"

आणि यजमान म्हणतात, "जावयाची कॉलर धरलीस?" धन्य आहे!

दुसऱ्या दिवशी मीच अलिबागहून बसका, रुंद बुडाचा जॅक आणला आणि डिकीत ठेवला. दुपारी ती दोघं निघाली. नंतर बघते तर जॅक ओटीवर! जावई सासुरवाडीहून रिकाम्या हाताने जाऊ नये, म्हणून यजमानांनी तो काढून कांद्याची माळ कोंबली होती. कांदे चाक बदलणार होते का यांचे?

व्हॅन काढली आणि मांडव्याला गाड्या नेणाऱ्या बोटीच्या रांगेत त्यांना गाठलं. जॅक पुढे केला, त्याखाली घालायची फळीही दिली.

"गाडी उचललीत तर डोकं बाहेर ठेवायचं. समजलं?"

"हो, आई." त्याने मुकाट्याने माळ काढली, जॅक आत ठेवला आणि माळ स्वतःच्या गळ्यात घालून गाडीत बसला. मुलीने कपाळाला हात लावला. सगळी रांग खो खो हसली.

हसू देत. कपाळ माझ्या पोरीचं आहे.