ऐंशीच्या पुढं

लॅपटॉप मांडीवर घेऊन गाडीत बसणाऱ्या माणसाला आमच्या धाराशिवात कुणी मिस्तरी म्हणत नाही. हाताला ग्रीस नाही, पाना नाही, मग हा काम तरी काय करतो, असा लोकांचा चेहरा असतो. मी ते मनाला लावून घेणं कधीच सोडलं. जुन्या पेट्रोल गाडीचा ईसीयू जळाला आणि कंपनीनं तो बनवायचं बंद केलेलं असलं, की लोक माझ्याकडे येतात. ईसीयू म्हणजे इंजिनाला कधी किती पेट्रोल द्यायचं आणि ठिणगी कधी टाकायची, हे ठरवणारा डबा. कंपनीच्या डब्यात हे सगळं भरूनच येतं. मी बसवतो तो बाहेरचा डबा कोरा असतो, त्यात एकेक आकडा गाडी चालवून, बघून भरावा लागतो. लग्नघरी नवा आचारी आला की त्याला कुणाला किती तिखट चालतं इथपासून सांगावं लागतं, तसंच हे.

जळकोटचा एक तरुण माझ्याकडे अशीच एक गाडी ओढून घेऊन आला. तो ठिबकच्या नळ्या आणि फिटिंग विकायचा, सोलापूरला रोजचं जाणं-येणं. उंदरांनी वायरिंग खाल्लं होतं आणि त्यात डबा गेला होता. मी नवा डबा बसवला, वायरिंग नव्यानं ओढलं, आकडे भरले. गाडी पळायला लागली. पळायला लागली म्हणजे जरा जास्तच, कारण कंपनीनं राखून ठेवलेला जोर मी थोडा मोकळा करून दिला होता. पोरगं खूश होऊन गाडी घेऊन गेलं. एकच काम राहिलं होतं. सकाळच्या गार इंजिनाला सुरू होताना पेट्रोल जास्त लागतं. ते आकडे भरायला गाडी रात्रभर उभी राहिलेली लागते. तेवढ्यासाठी गाडी पुन्हा एका रात्रीपुरती सोडून जा, असं मी त्याला सांगितलं.

तो गाडी सोडून गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे वडील एसटीनं येऊन माझ्या दारात उभे राहिले. एसटीचेच निवृत्त ड्रायव्हर. पायजमा, पांढरा सदरा, आणि बसताना आधी खुर्ची हलवून बघायची सवय. चहा झाला, पाऊसपाणी झालं, नव्या डब्याचं कौतुक झालं. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं मला ओळखू येतात, म्हणून मीच विचारलं, काका, काम काय काढलंत? तेव्हा ते म्हणाले, ही गाडी ऐंशीच्या पुढं जाणारच नाही, असं त्या डब्यात काही करता येतं का.

करता येतं. वेग मोजणारा सेन्सर डब्याला जोडलेला असतो. एक आकडा टाकला की त्या वेगाला इंजिनाचं पेट्रोल तुटतं. पण मी म्हणालो, त्यापेक्षा मुलाला सांगा की हळू चालव.

"आमचं तसं बोलणं न्हाय," ते म्हणाले.

भांडण वगैरे काही नव्हतं. एका घरात राहायचे, एका पंगतीला जेवायचे. पण वाढलेल्या मुलानं आणि बापानं समोरासमोर बोलायचं नाही, ही आमच्याकडच्या कित्येक घरांतली जुनी रीत आहे. बापाला काही सांगायचं असलं तर तो बायकोला सांगतो, मुलगा आईला. त्याला म्हणावं, जेवून घे. त्यांना म्हणावं, मी उद्या येईन. मीही अशाच घरात वाढलो, त्यामुळे मला यात नवल वाटलं नाही. या घरातली आई दोन वर्षांमागं वारली होती, आणि तिच्या जागेवर कुणीच आलं नव्हतं. सून लहान, ती सासऱ्याचा निरोप नवऱ्याला सांगायची तो अर्धाच, तोही जमेल तसा.

म्हातारबा म्हणाले, "जन्मभर एसटी हाकली. रस्त्यावं काय काय बघितलंय ते ह्या डोळ्यांला ठावं. हे पोरगं यायला उशीर झाला की म्या दारात जाऊन बसतो. लई भ्या वाटतं." आवाज कुठंही चढला नाही. बसच्या वेळा सांगाव्यात तसं ते बोलले.

मी त्यांना धोका समजावून सांगितला. पुढच्या गाडीला ओलांडताना नेमका जोर तुटला तर माणूस मधेच लोंबकळतो. ते म्हणाले, गाडी जात नाही म्हटल्यावर तो कुणाला ओलांडायला बघणारच नाही. ड्रायव्हर माणसाचं हे म्हणणं मला तेव्हा खरं वाटलं. शिवाय गाडी त्यांच्या नावावर होती. मी एक अट घातली, ही गोष्ट मुलाला ते स्वतः सांगतील. त्यांनी मान डोलावली. मी ऐंशीचा आकडा टाकला, पेट्रोल एकदम न तुटता हळूहळू कमी होईल अशी सोय केली, आणि ते परत एसटी धरून गेले. दुपारी मुलगा येऊन गाडी घेऊन गेला. सांगायचं ते वडील सांगतील म्हणून मी ऐंशीचा विषय काढला नाही.

आठवड्यानं मुलाचा फोन आला. गाडी ऐंशीला दम सोडते. मी म्हटलं, गाडी घेऊन ये, काय आहे ते दाखवतो, आणि तोवर कुणाला हात लावू देऊ नको. मग वडिलांना फोन करून विचारलं, तुम्ही सांगताय का मी सांगू? ते म्हणाले, आजच सांगतो. मी निवांत झालो.

त्यांनी सांगितलं नाही. मुलालाही हंगामात माझ्याकडे यायला सवड झाली नाही. गावातल्या मिस्तरीनं आधी प्लग बदलले, मग फिल्टर, शेवटी पेट्रोलचा पंप. रोग हाल्याला आणि औषध पखालीला. म्हातारा अंगणात बसून ते सगळं बघत होता.

मग एके दिवशी सकाळी दोघं एकाच गाडीतून माझ्याकडे आले. वडिलांना डोळे दाखवायला धाराशिवला आणायचं होतं, पण ते दवाखान्यात गेलेच नव्हते. काय झालं ते मुलानंच सांगितलं. नळदुर्ग सोडून तुळजापूरच्या रस्त्याला लागल्यावर पुढं पंचाहत्तरनं पळणारा लांबलचक कंटेनरचा ट्रक होता. त्यानं तो ओलांडायला घेतला. नवा पंप बसवला होता, आता गाडी ओढेल असा त्याचा भरवसा. ट्रकच्या मध्यावर आल्यावर गाडीनं दम सोडला, आणि समोरून एसटी आली. मागं यायला जागा नाही, पुढं जायला जोर नाही. एसटीच्या ड्रायव्हरनं भरलेली बस रस्त्याच्या खाली मातीत घातली आणि हे दोघं मधल्या फटीतून निघाले. हे सांगताना तो सारखा बॉनेटवर हात ठेवत होता आणि उचलत होता.

मला दोघांचाही राग आला, आणि स्वतःचाही. मी काही बोलायच्या आत म्हातारबा माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्याला सांगा, ते म्या करायला लावलं व्हतं."

पोरगा त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. मी म्हटलं, काका, तो इथंच आहे, तुम्हीच सांगा. आणि मी लॅपटॉप आणायच्या निमित्तानं आत गेलो. आतून सगळं ऐकू येत होतं. म्हातारबांचं तुटक तुटक बोलणं आलं, ऐंशीचं, उशिराचं, दारात बसायचं. मुलानं मधे अडवलं नाही. ते थांबल्यावर तो म्हणाला, "आण्णा, नुसतं म्हणायचं की, हळू चालव म्हणून."

"ऐकलं असतंस?"

"न्हाय," तो म्हणाला.

मी बाहेर आलो तेव्हा दोघं दोन दिशांना बघत होते. मी डब्याला वायर जोडली, ऐंशीचा आकडा काढून टाकला. काढलेलं नीट निघालं का, हे रस्त्यावर चालवूनच बघावं लागतं. मुलगा चालवायला बसला. त्याच्या शेजारी मी बसतो, कारण वायर तिथं नीट पोचते; पण म्हातारबा कुणाला न विचारता पुढं जाऊन बसले. मी वायर सीटांमधून ओढून मागं बसलो. शहर संपल्यावर रस्ता मोकळा मिळाला. मी म्हटलं, आता दाब. माझ्यासमोर स्क्रीनवर वेग दिसत होता. सत्तर, अठ्ठ्याहत्तर, ऐंशी. गाडी जराही न अडखळता पुढं गेली. माझं काम तिथंच झालं होतं. पोरानं पाय काढला नाही, माझ्या सांगण्याची वाट बघत असावा. ब्याण्णव, सत्त्याण्णव. म्हातारबांनी दाराची मूठ धरली होती. ते आरशातून माझ्याकडे बघतील, मला सांगतील, असं मला वाटलं. त्यांनी मान मुलाकडं वळवली.

"हळू रं, बाळा," ते म्हणाले.

स्क्रीनवरचा आकडा खाली यायला लागला.