हरायला ठेवलेला माणूस

आमच्या अरबाबला टेनिस येत नव्हतं, हे अख्ख्या बहारीनमध्ये दोघांनाच पक्कं ठाऊक होतं. एक मी आणि दुसरा तो इटालियन. अरबाब म्हणजे मालक; आखातात आपली माणसं मालकाला असंच म्हणतात. तुबलीला त्याची गॅरेजं होती, त्या धंद्यावर त्यानं हा टेनिसचा क्लब काढला होता. माणूस मोठा दिलदार. ईदला सगळ्या स्टाफला स्वतःच्या हातानं बिर्याणी वाढायचा. माझी बायको बाळंतपणात अडली तेव्हा स्वतः गाडी चालवत हॉस्पिटलात घेऊन गेला होता. पण संध्याकाळी पाच वाजता पांढरी चड्डी घालून कोर्टावर उतरला, की त्याला जिंकायचंच असायचं. हरला तर दुसऱ्या दिवशी ऑफिसात आमचं काही खरं नसे.

म्हणून तर इटालियनला ठेवलं होतं. नावाला कोच. मेंबरांच्या बायकांना सकाळी शिकवायचा, आणि पाच वाजता अरबाबकडून हरायचा.

मी त्या क्लबात टाइमकीपर होतो. शिफ्ट लावा, हजेरी घ्या, कोर्टाचं बुकिंग सांभाळा, आणि पाच वाजता उंच खुर्चीवर बसून अरबाबचा स्कोअर ओरडा. कुवेतची लढाई संपून काही वर्षं झाली होती. मी अकोल्याकडचा, मुहर्रकला एअरपोर्टच्या मागं दोन खोल्यांत राहायचो. विमान गेलं की बायको बोलणं थांबवायची आणि विमान पुढं गेलं की त्याच शब्दापासून सुरू करायची. इटालियन एकटा जीव, म्हणून शुक्रवारी जेवायला आमच्याकडे. खाली बसायला त्याला जमत नसे, पाय कुठं ठेवावेत ते कळत नसे, तरी हट्टानं खालीच बसायचा. बायको म्हणायची, "भाऊ, अजून एक भाकर घ्या ना. काहून लाजता?" त्याला शब्द कळत नसत, पण ताट पुढं करायचा. बायकोला वहिनी म्हणायचं असं मी त्याला शिकवलं होतं, तर तो मलाही एकदा वहिनी म्हणाला होता. तेव्हापासून आमची ती मला चिडवायची.

त्याचा बाप समुद्रकाठच्या एका गावात बेकरी चालवायचा. पोराचा हात बघून बापानं त्याला टेनिसला घातलं. सोळाव्या वर्षी हा त्यांच्या देशातल्या पोरांमध्ये वरच्या नंबरात. मग सुरू झाली वणवण. छोट्या छोट्या शहरांतल्या स्पर्धा, पात्रता फेऱ्या, रात्रीच्या गाड्या, रॅकेटच्या पिशवीवर डोकं ठेवून झोपणं. एकदा एका मोठ्या स्पर्धेत जगातल्या नावाजलेल्या खेळाडूकडून त्यानं एक सेट काढला. मॅच हरला, पण बापानं त्या दिवशी गावात पाव फुकट वाटले. पुढं मनगट दुखावलं, रँकिंग घसरलं, आणि एका हंगामापुरता म्हणून तो इथं आला. एका हंगामापुरता! बाप्पा, इथं आलेला प्रत्येक जण तसाच तर आलेला असतो.

एका शुक्रवारी त्यानं आम्हाला हरायचं कसं ते दाखवलं. हातात भाताचा डाव. मोडक्या इंग्रजी-हिंदीत म्हणाला, सरळ नेटमध्ये मारला तर साहेबाला राग येतो. चेंडू त्याच्या उजव्या हाताला, बरोबर कमरेच्या उंचीला द्यायचा. जरा लांब दिला तर तो दमतो, जरा जवळ दिला तर त्याला संशय येतो. पहिले दोन गेम आपण घ्यायचे, मग थोडं थोडं सोडायचं. त्यानं मारला की आपण धावायचं, पुरेपूर धावायचं, आणि अर्धं पाऊल उशिरा पोचायचं. डाव हलवत तो खोलीभर नाचला. बायकोची हसून हसून मुरकुंडी वळली.

मला काही हसू आलं नाही. माझा बाप कुस्तीत भारी होता. आमची वस्ती गावाबाहेर, आम्हाला आखाड्यात उतरू देत हेच उपकार, असा तो काळ. पाटलाच्या पोराची जोड लागली की बाप थोडा वेळ झुंजल्यासारखं करायचा आणि पाठ टेकायचा. घरी आला की आई पाठीवरची माती झटकायची. शाळकरी वयात मला बापाचाच राग यायचा. पुढं कळलं, राग कुणाचा यायला हवा होता ते. पण मुहर्रकच्या खोलीत एक गोरा माणूस डाव हातात धरून तेच दाखवतोय, हे बघून माझं जेवणावरचं मनच उडालं.

मग ती स्पर्धा आली. लहानच होती, पण बाहेरच्या देशांतले खेळाडू येणार होते, आणि आमच्या क्लबाच्या कोर्टावर होणार होती. यजमान म्हणून एक जागा अरबाबच्या हातात होती. इटालियननं ती मागितली. अरबाब खूश! म्हणाला, "खेल, भाई! पहला मॅच जीत गया तो आगे जा. बाकी टूर्नामेंट खेल, घर जा, व्हिसा का सब मैं देखेगा. हार गया तो खलास, इधर मेरे साथ पाँच बजे." आणि मोठ्यानं हसला. तो थट्टेत बोलला होता, पण शब्दाचा पक्का माणूस. आखातात मालक सोडेल तेव्हाच माणूस घरी जातो; एक मॅच जिंकली की इटालियन सुटला, इतकं सरळ होतं.

तो तिशी ओलांडलेला. ऊन चढायच्या आत कोर्टावर यायचा आणि भिंतीवर चेंडू मारत राहायचा. शुक्रवारचं जेवणही बंद केलं. बायकोनं बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावली. मी म्हटलं, "अगं, ते काय नवस फेडणारे देव आहेत का?" ती म्हणाली, "माहीत आहे. पण मग मी करू काय?" खरंच, आम्ही करणार काय होतो!

रेषेवर बसायला माणसं कमी पडली, म्हणून ऑफिसातल्या आम्हाला दोन दिवस शिकवून लाइन्समन केलं. माझ्या वाट्याला बाजूची रेष आली. नियम कडक: हात गुडघ्यावर, टाळी नाही, शब्द नाही. चेंडू बाहेर गेला तर ओरडायचं, आत पडला तर दोन्ही तळवे जमिनीकडं करून दाखवायचे. बाकी पुतळा! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

समोर पूर्व युरोपातला एक उंच पोरगा होता. पहिला सेट इटालियननं असा घेतला, की मला वाटलं, अरे, हा माणूस आम्ही कधी बघितलाच नव्हता. काय ते फटके! अरबाब पहिल्या रांगेत उभा राहून "यल्ला, यल्ला" करत होता.

दुसऱ्या सेटमध्ये पोरगा दमला, धडपडायला लागला. आणि तिथंच घात झाला. पोरगा जोरात असेस्तोवर इटालियन त्याला पुरून उरत होता. पण पोरगा चुकला, मागं पडला, हताश झाला, की याचा हात मऊ व्हायचा. चेंडू जायचा उजव्या हाताला, बरोबर कमरेच्या उंचीला. तो चेंडू मी रोज पाच वाजता बघत होतो. लोकांना वाटलं, नशीब फिरलं. मला ओरडावंसं वाटत होतं, "अरे, हा अरबाब नाही! मार!" पण हात गुडघ्यावर. नखं रुतली तरी हात गुडघ्यावरच.

तिसऱ्या सेटमध्ये मॅच पॉइंट इटालियनकडं आला. पोरगा घसरून पडला. अख्खं कोर्ट मोकळं. चेंडू नेटजवळ असा उसळला, की आमच्या स्वयंपाक्यानंही मारला असता. इटालियननं रॅकेट मागं नेली, आणि चेंडू हळूच उठत्या पोराच्या हातात दिला. पोरानं बसल्या बसल्याच घुमवला. चेंडू माझ्या रेषेच्या आत पडला. आतच पडला होता. मी दोन्ही तळवे जमिनीकडं केले.

त्यानंतर इटालियन हरला. दुसरं काय होणार होतं!

अरबाब खाली धावत आला. खरंच डोळे भरले होते त्याचे. इटालियनला मिठी मारून पाहुण्यांना सांगू लागला, "मैं इसको रोज बोलता है, तू फिनिश नहीं करता! अरे, मैं खुद इसको रोज हराता है ना!" इटालियन म्हणाला, "येस, सर."

गाडीत मी इटालियनवर भडकलो. म्हटलं, सांग ना अरबाबला एकदाचं खरं काय ते! तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "काय सांगू? 'सर, इतक्या वर्षांत तुम्ही एकदाही खरे जिंकला नाहीत' म्हणून?"

घरी बायको एवढंच म्हणाली, "जित्याची खोड." म्हण पुरी व्हायच्या आत तिला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी पाचला अरबाब हजर. मी खुर्चीवर. पहिल्याच गेमला अरबाबनं सर्व्हिस दोनदा नेटमध्ये घातली. मला वाटलं, पाय मुरगळला की काय. मग चेंडू मुद्दाम बाहेर मारला, अगदी अडाण्यासारखा, दोन हात बाहेर. तेव्हा कळलं. कोचाचं मन मोडलंय म्हणून आज हा त्याला जिंकू देत होता. आणि इटालियन? त्याला दुसरं काही येतच नव्हतं. तो चेंडू कमरेला द्यायचा, अरबाब बाहेर घालवायचा. हा नेटमध्ये टाकायचा, तो सर्व्हिस चुकवायचा. ड्यूस, म्हणजे बरोबरी, पुन्हा ड्यूस. दोघंही घामाघूम होऊन हरायला धडपडत होते, आणि मी वरून स्कोअर ओरडत होतो. शेवटी सूर्य बुडून मगरिबची अजान व्हायच्या बेताला अरबाबनं चेंडू सरळ कुंपणापलीकडं भिरकावला. सेट इटालियनचा.

अरबाबचा चेहरा इतका फुलला, जितका तो स्वतः जिंकल्यावरही मी कधी पाहिला नव्हता. "देखा? जीत गया ना!" म्हणाला, आणि माझ्याकडं वळला. "जोर से बोल! कौन जीता?"

मी जोरात सांगितलं. इटालियन आमच्याकडं पाठ करून खाली बसला होता, चेंडू गोळा करत, आणि ती पाठ हलत होती.