दादाच्या फोटोंखालचं नाव

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, गल्लीत सगळे ‘हलू नका’ म्हणतात. तीस वर्षं स्टुडिओत ओळखपत्रांचे फोटो काढताना तो हेच म्हणत आला. आडनाव कधीच मागे पडलं.

रक्तदाब वाढला तेव्हा डॉक्टरांनी त्याला मन शांत ठेवायला सांगितलं. पठ्ठ्याने त्यातही कॅमेरा घुसवला. रोज सकाळी एकाच वस्तूसमोर अर्धा तास बसायचं. मोरीतली बादली म्हणा, दाराची कडी म्हणा. डोक्यातली कटकट थांबली की एकदाच बटण दाबायचं. फोटो छापून डब्यात टाकायचा, वर्षभर कुणाला दाखवायचा नाही, स्वतःही परत बघायचा नाही. “बघितलं की कौतुक हवंसं वाटतं,” म्हणायचा. स्वतःवर भरवसा नाही म्हणून डबा माझ्या कपाटात. माझ्यावर होता ना भरवसा!

एकदा नवरा म्हणाला, “तुझा दादा म्हणजे रिकामटेकडा. बादल्या कसल्या बघत बसतो?” माझं डोकं फिरलं. मी डबाच त्याच्यापुढे उघडला. तो एकेक फोटो उचलून निरखून बघू लागला. जिरवली एकदाची, असं मला वाटलं.

दोन महिन्यांनी स्टुडिओत फोटोला बसलेलं एक गिऱ्हाईक दादाला म्हणालं, “तुमच्या बहिणीचे यजमान काय सुंदर फोटो काढतात हो! त्यांच्या ऑफिसात लावलेत. ती बादली तर अप्रतिम!” दादा तसाच उठून तिथे गेला. बारा फोटो, फ्रेम केलेले, आणि प्रत्येकाखाली माझ्या नवऱ्याचं नाव.

दादाचा फोन आल्यावर मी घरी नवऱ्याला जाब विचारला, तर म्हणे, “तुझा दादाच सांगतो ना, फोटो काढताना मी-मी नको? मग नाव कुणाचं का असेना!” चोर तो चोर, वर शिरजोर. ज्याच्यासोबत बावीस वर्षं काढली तो माणूस मला त्या दिवशी कळला. त्याच्याकडून फ्रेमा काढून घेतल्या आणि दादाकडे गेले.

दादा मोरीपुढे बसला होता. कॅमेरा मांडीवर.

“नावाचं जाऊ दे गं,” तो म्हणाला. “पण आता बादली दिसतच नाही. लोकच दिसतात. कुणाला आवडेल, कोण काय म्हणेल... अर्धा अर्धा तास तेच.”

मी फ्रेमा भिंतीला टेकवल्या आणि उभीच राहिले.

“त्याने डबा चोरून उघडला ना?” त्याने विचारलं. हो म्हण, असंच त्याचे डोळे सांगत होते.

“नाही दादा. मीच उघडला.”

“बरं,” तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच मला ‘बस’ म्हणाला नाही.